डावी बाही

माझा भाचा कोणी वाचत नाही ते लिहितो. हा टोमणा नाही, त्याचा पेशाच तो आहे. व्हिडिओ गेम असतात ना, ज्यात आपण दुसरंच कोणी व्हायचं, डॉक्टर किंवा चोर किंवा शिपाई, आणि एका बनावट जगात हिंडत पन्नास-साठ तास घालवायचे, त्या जगातल्या बारीकसारीक मजकुराचा तो लेखक. मुख्य गोष्ट दुसरे लिहितात. मारामाऱ्या आणि कोडी दुसरे करतात. तुम्ही एखाद्या पडक्या घरात शिरलात, टेबलाचा खण ओढलात आणि आत चिठ्ठी सापडली, तर ती चिठ्ठी ह्याची. दुकानाच्या दारावरची ‘बाहेर गेलो आहे, येतो’ ही पाटी ह्याची, आणि तो दुकानदार कुठे गेलाय, कोणाशी भांडून गेलाय, हेही ह्याला ठाऊक असतं. विचारू मात्र नये. सांगतो.

वय त्रेचाळीस. उंच आहे आणि उंचीची लाज वाटल्यासारखा वाकून चालतो. शर्टाच्या खिशात बसची जुनी तिकिटं असतात, त्यांच्या पाठीवर लिहितो. बायको होती. भांडणतंटा न करता गेली. जाताना मला म्हणाली, “मावशी, माणूस सोन्यासारखा आहे, पण मीठ कुठे ठेवलंय विचारलं की उत्तर येईपर्यंत जेवण गार होतं.” मी तिला काही म्हणाले नाही. खोटं असतं तर म्हणाले असते.

लहानपणी आम्ही त्याचं नाव ‘आणिमग’ ठेवलं होतं. शाळेतून आला की दप्तर खांद्यावर तसंच ठेवून सुरू: आणि मग बाई म्हणाल्या, आणि मग तो मुलगा म्हणाला, आणि मग पाल पडली. कुठे पडली? भिंतीवरून. कुठली भिंत? ती, जिचा रंग गेल्या वर्षी गेला. घरात त्याला टोकणारं कोणी नव्हतं, कारण त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, त्याच माळेतली. नमनाला घडाभर तेल. त्या घरात पाणी मागितलं तर आधी पेल्याची हकिकत ऐकावी लागायची. मायलेक स्वयंपाकघरात समोरासमोर बसून एकमेकांना तासन्‌तास काहीही सांगत बसायचे आणि दोघांनाही कंटाळा यायचा नाही. मला दहा मिनिटांत यायचा.

माझा पेशा उलटा. मी एकतीस वर्षं शाळेच्या पाठ्यपुस्तकांचं संपादन केलं, आणि निवृत्तीनंतरही कामं घरी येत राहिली. पाठ्यपुस्तक सोळा-सोळा पानांच्या हिशेबात छापतात. सतरावं पान परवडत नाही. लेखकाला वाटतं आपला शब्द न्‌ शब्द मोत्याचा. मी लाल पेन्सिल घेऊन बसायची आणि चार ओळी उडवायची, आणि एकाही मुलानं कधी विचारलं नाही की त्या ओळी कुठे गेल्या.

तर बहिणीचं. सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला तिनं मला फोन केला. अकराच्या सुमाराला शेजारणीला ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली सापडली. दुपारी दोनला हृदयविकारानं इस्पितळात वारली. मधे एक शब्द बोलली नाही. म्हणजे ह्या जगातलं तिचं शेवटचं बोलणं माझ्याशी झालं. इस्पितळानं तिच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या: चपला, किल्ल्या, चष्मा आणि तिनं स्वतः विणलेला राखाडी स्वेटर. सुई टोचायला त्यांनी स्वेटरची डावी बाही खांद्यापर्यंत कापली होती.

ती पिशवी भाच्यानं माझ्यासमोरच उघडली. तिच्या फोनवर त्यानं बघितलं होतं. “मावशी, तुझ्याशी चार मिनिटं अकरा सेकंद बोलली. काय म्हणाली?”

“नेहमीचंच रे. काही नाही.”

पंधरवड्यानं पुन्हा विचारलं. वर्षभरानं, श्राद्धाला म्हणून नव्हे, सहज भेटलो होतो, तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. “काहीतरी म्हणाली असेल ना. चार मिनिटं कमी नसतात.”

“मी नीट ऐकलं नाही. कामात होते.”

त्यानं नंतर कधीही विचारलं नाही. आणि मला त्यातला शब्द न्‌ शब्द पाठ होता. त्याला दुसरं काही नको होतं. घराचं मागितलं नाही, दागिन्यांचं मागितलं नाही. ती चार मिनिटं मागितली, आणि ती मी दाबून ठेवली.

ह्या वर्षाच्या सुरुवातीला तो माझ्याकडे आला आणि चक्क मुद्द्याचं बोलला. त्यावरूनच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

“मजकूर कापायचाय. नव्वद हजार शब्द आहेत, तीस हजार ठेवायचे. तीन आठवड्यांत. नाहीतर खणांमधला सगळाच मजकूर काढणार आहेत. परक्यानं कापण्यापेक्षा तू काप.”

“तू का नाही कापत?”

“मला येत असतं तर नव्वद झाले असते का?”

निघताना दारात थांबला. “एकच. नळाचं घर म्हणून एक भाग आहे. त्याला हात लावायच्या आधी मला विचार.”

त्यांचं ऑफिस एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, त्यातल्या एकीत पडदे कायम ओढलेले, कारण पडद्यावरचं गाव अंधारं आहे आणि उजेडात दिसत नाही. गोष्ट अशी: धरणाचं पाणी सोडणार म्हणून एक गाव रिकामं केलंय. खेळणारा तिथे जातो. घराघरांत शिरून मुख्य दरवाजाच्या किल्ल्या गोळा करायच्या. काही माणसं अजून गेलेली नाहीत. ती का राहिलीत हे ज्याचं त्यानं शोधायचं.

तिथली प्रमुख पस्तिशीची, कातरलेल्या केसांची, चहाचा पेला हातात घेऊन उभ्यानंच बोलणारी. मला ती आवडली. तिनं भाच्याच्या देखतच सांगितलं, “बाई, चाळीस लोकांना खेळायला बसवलं आम्ही. खण उघडला बत्तीस जणांनी. चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली सहा जणांनी. त्यातला एक ह्यांचा मित्र.”

“शेजारी,” भाचा म्हणाला. “मित्रानं नाही वाचली.”

“लोक खेळायला येतात. वाचायला नाही.”

मी तिच्या बाजूनं. म्हणाले, “बरोबर आहे. बुद्धिबळात वजिराचं माहेर कुठलं हे कोणी विचारतं का?”

“म्हणूनच वजीर मेला तर कोणी रडत नाही, मावशी.”

प्रमुख हसली. पण पेला ठेवून तिनं लगेच नळाच्या घराचा विषय काढला. “हे सगळ्यात आधी जायला हवं. तिथे एक बाई आहे. नुसती बोलत सुटते. किल्ली देत नाही, वाट सांगत नाही. खुर्चीवर एक स्वेटर आहे, त्यावर टिचकी मारली की ओळ येते, ‘राखाडी स्वेटर. डावी बाही कापलेली.’ एका माणसानं सगळ्या गावात ती बाही शोधली. दोन तास! मग आम्हाला लिहिलं, ‘बाही मिळणार नव्हती तर सांगितली कशाला?’ काय उत्तर देऊ मी त्याला?”

“कापलेली म्हटलंय. हरवलेली नाही म्हटलं,” भाचा म्हणाला.

“खेळात सांगितलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे शब्द दिल्यासारखं असतं. तुम्ही देता आणि पाळत नाही.”

तो खाली बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. ती पिशवी उघडली तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.

दोन आठवडे मी कापत होते. कामाचं सुख असतं, खोटं कशाला बोलू. एका कंदिलाची तीन पिढ्यांची कुळकथा होती, ती उडवली. हरवलेल्या शेळीबद्दलच्या पाच जाहिराती होत्या, त्यातली शेवटची ठेवली, ‘शेळी परत आली आहे, आता शोधू नये.’ लोहाराच्या बायकोची एकोणीस पत्रं होती. सतरा गेली. जे नुसतं सांगतं ते काढायचं, ज्यात कोणाला तरी काहीतरी हवं आहे ते ठेवायचं, एवढाच माझा नियम. एका बरणीवर लिहिलं होतं, ‘उघडू नये. उघडायची झाल्यास मला विचारावे. मी नसल्यास उघडावी.’ तिथे माझी पेन्सिल थांबली. मी ती ठेवली आणि जरा खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्या दिवशी पुढे फारसं काम झालं नाही.

खरं सांगायचं तर भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण इतकी रिकामी घरं एकापाठोपाठ एक वाचली की डोकं फिरतं. प्रत्येक घरातला माणूस काहीतरी अर्धवट टाकून गेलेला. विणकाम सुईवर, हिशेबाची वही उघडी. सत्तर-ऐंशी घरं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की कुठल्याच घरात निरोप पोचलेला नाही. चिठ्ठी लिहिलेली असते, ज्याच्यासाठी लिहिली तो यायच्या आधीच गेलेला असतो. माझा भाचा नव्वद हजार शब्द एकच गोष्ट लिहीत होता.

नळाचं घर मी शेवटी ठेवलं होतं. बोलणाऱ्या माणसांचे तक्ते असतात: एका रकान्यात ओळ, दुसऱ्यात ती पडद्यावर किती सेकंद राहील. बाकीची माणसं सहा, नऊ, फार तर पंधरा सेकंद बोलतात. ह्या बाईच्या एकोणतीस ओळी. मी सवयीनं बेरीज केली. दोनशे एकावन्न सेकंद.

पुन्हा केली. दोनशे एकावन्न. साठानं भागलं आणि पेन्सिल खाली ठेवली. चार मिनिटं अकरा सेकंद.

पहिली ओळ: ‘ताई, तू कामात आहेस का?’ मग मांजर, गॅस, वाण्याकडची गर्दी, सगळं तिच्या बोलण्याच्या वळणाचं, आणि सगळं बनावट. एकोणतिसावी ओळ रिकामी. तिच्यापुढे सेकंद मात्र लिहिलेले होते: नऊ. कॉम्प्युटरमध्ये जुने मसुदे राहतात. मी मोजले. छत्तीस. दर वेळी बोलणं वेगळं, शेवटची ओळ दर वेळी रिकामी, आणि नऊ सेकंद राखून ठेवलेले. तळाशी सूचना होती: ‘खेळणाऱ्यानं “पुढे” दाबल्यास दार बंद. बाई परत दिसत नाही.’

सहा वर्षं तो मला विचारत होता. तोंडानं विचारणं बंद केलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गेले आणि म्हणाले, मला ते घर खेळून बघायचंय. प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी होती, तिनं मला पडदेवाल्या खोलीत बसवलं, हातात ते दोन मुठींचं यंत्र दिलं. “हा अंगठा चालायला. हे बटण ‘पुढे’. घाबरू नका, काही मोडत नाही.”

मी चालत गेले. गल्ली, तीन पायऱ्या, दार. आत स्वयंपाकघर. ओटा डाव्या हाताला, खिडकीची एक काच बदललेली म्हणून जरा हिरवी. खुर्ची. खुर्चीवर स्वेटर. आणि नळ गळत होता. दोन थेंब, मग थांबायचं, मग तिसरा. हा आवाज मी फोनमधून पंधरा वर्षं ऐकला होता. तिच्या बोलण्याच्या मागे कायम चालू असायचा, आणि मी तिला म्हणायची, आधी तो नळ बंद कर.

“हा आवाज कुठून आणला?” मी विचारलं.

“सरांनी आणला. घर विकायच्या आधी जाऊन भरून घेतला म्हणे.”

बाई ओट्याशी पाठमोरी उभी होती. वळली नाही. अक्षरं उमटायला लागली. ‘ताई, तू कामात आहेस का?’ मग मांजर. मग गॅस. गॅसवाला कसा दोनदा येऊन गेला, आणि पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या पायात कुठले जोडे होते

दार बंद झालं.

मी गल्लीत उभी होते. काय झालं ते मला कळलंच नाही. मग हाताकडे बघितलं. माझा अंगठा बटणावर होता.

“तुम्ही पुढे दाबलंत,” मुलगी म्हणाली.

“मी नाही दाबलं.”

“सगळे दाबतात, बाई. साधारण विसाव्या सेकंदाला. तुम्ही बाविसाव्याला.” तिला वाटलं मला बरं वाटेल.

“ते दार उघड परत.”

“ते नाही उघडत. अगदी पहिल्यापासून खेळ सुरू केला तरच. सरांनी तसंच ठेवायला सांगितलंय.”

मी त्या बंद दारासमोर किती वेळ बसले होते कोण जाणे. आत नळ ऐकू येत होता. दोन थेंब, आणि तिसरा.

भाचा जिन्यात सापडला. चहाचा कागदी पेला घेऊन पायरीवर बसला होता. खालच्या दुकानातून रबराचा वास येत होता, कोणीतरी चाकात हवा भरत होतं. मी त्याच्या वरच्या पायरीवर बसले.

“‘ताई, तू कामात आहेस का’ असं नव्हतं,” मी म्हणाले.

“काय?”

“त्या दिवशी. ‘ताई, कामात असशील तर ठेवते’ असं म्हणाली. तू छत्तीस वेळा चुकवलंस.”

त्यानं पेला खाली ठेवला. खिशातून तिकीट काढलं, पेन काढलं. मग दोन्ही परत खिशात घातली. “सांग,” म्हणाला.

मी सांगितलं. मान वर न करता, तिच्या शब्दांत.

“‘ताई, कामात असशील तर ठेवते. नाही ना? मग ऐक. त्या नळाची चकती बदलून घेतली काल, तरी गळतोच आहे. तो माणूस म्हणतो, चकती चांगली आहे हो, नळच म्हातारा झालाय. मी म्हटलं, माझ्याकडे बघून बोलतोस का रे? हसला मेला. बरं, शेजारणीची मांजरी आमच्याकडे व्यायली. जोड्यांच्या खोक्यात! तीन पिल्लं, त्यातलं एक पांढरंशुभ्र. आता आतला जोडा काढायचा कसा ते सांग. पोरगा रविवारी येतो म्हणालाय. येऊन काय करणार, खोक्यासमोर बसून राहील तासभर आणि मग मला त्या पिल्लांचे स्वभाव सांगेल. येऊ दे बाई, मला तेवढंच. आणि अगं, तो राखाडी स्वेटर. धुतला तो आटला, आणि आटला तोही एकाच बाजूनं! डावी बाही सकाळपासून इतकी आवळतेय की हात वर नेववत नाही. नळसुद्धा उजव्या हातानं बंद करतेय मघापासून.’”

खालचा पंप थांबला होता.

“मग मी म्हणाले, ‘एकाच बाजूनं आटणारा स्वेटर जगात नसतो. मुद्द्याचं बोल.’ ती म्हणाली, ‘मुद्दा असा काही नाही गं…’ आणि मी फोन ठेवला. माझ्यासमोर मधमाशीचा धडा होता. चार ओळी जास्त होत होत्या.”

 मीच पुढे बोलत गेले, कारण थांबले असते तर पुन्हा सहा वर्षं लागली असती. “ती पिशवी तू उघडलीस आणि मी बाही बघितली, तेव्हा मला कळलं. स्वेटर आटला नव्हता. तिनं सांगितलं होतं मला. सगळ्या चऱ्हाटात ते एकच होतं आणि मी ते ओळखलं नाही. जन्मभर हेच काम केलं मी, रे, कुठली ओळ कामाची ते ओळखायचं.”

त्यानं विचारलं, “‘आवळते’ म्हणाली की ‘घट्ट होते’?”

“आवळते.”

“आणि ‘काही नाही गं’च्या पुढे? ‘बरं, ठेवते’ म्हणाली का?”

“म्हणत होती की नाही ते मला माहीत नाही. मी ठेवला होता.”

त्यानं मान हलवली. दोन्ही हातांचे तळवे गुडघ्यांवर घासले, तिच्यासारखेच. “माझ्याबद्दल बोलली म्हणजे.”

“बोलली.”

“मी बसलो होतो त्या खोक्यासमोर. त्याच संध्याकाळी. घरात दुसरं काही करता येत नव्हतं.” मग म्हणाला, “दोनच होती, मावशी. दोन्ही काळी. पांढरं नव्हतं.”

 मांजरी पिल्लं हलवतात. मी तसं म्हणालेही. पण त्यानंतर पुष्कळदा, दुपारी डोळा लागता लागता, मला ते पांढरं पिल्लू दिसतं. कुठल्या तरी रिकाम्या घरात, कोणीच उघडलेला नाही अशा खणात.

तो उठला. पेला उचलला. “सहा वर्षं, मावशी,” एवढंच म्हणाला आणि वर गेला. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. फोन उचलत नव्हता. पाचव्या दिवशी त्याच्याकडून सगळे तक्ते आले. तीस हजार शब्द. त्यानं स्वतः कापले होते, आणि काय कापले होते! माझा हात त्याच्यापुढे लेचापेचा. लोहाराच्या बायकोचं एकही पत्र उरलं नव्हतं, शेळी गेली होती, मी राखलेली बरणीसुद्धा गेली होती. ती मी परत घातली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी ओळ परत घातली असेन.

नळाचं घर जागच्या जागी होतं. एकोणतीस ओळी, दोनशे एकावन्न सेकंद. पहिली ओळ सुधारलेली. शेवटच्या नऊ सेकंदांत डावी बाही.

प्रमुखबाईनं तो तक्ता माझ्यासमोरच वाचला. शेवटच्या ओळीशी आली, तशी तिचा उजवा हात नकळत स्वतःच्या डाव्या दंडावर गेला. मग खुर्चीवरच्या स्वेटरची ओळ पुन्हा काढून बघितली. “म्हणजे बाही शोधायची नव्हतीच,” ती म्हणाली.

“ऐकायची होती,” मी म्हणाले.

“ठेवते मी हे. पण बाई, लोक ‘पुढे’ दाबणारच.”

दाबलंच. पुन्हा चाळीस जण बसवले, एकोणतीस जणांनी दार बंद करून घेतलं. अकरा थांबले. पण ह्या खेपेला भाच्यानं एक नवी सोय केली होती. शेवटपर्यंत थांबलं तर पडद्यावर विचारायला एक प्रश्न मिळतो: ‘आणि छातीत?’ मिळत काही नाही. किल्ली नाही, बक्षीस नाही. फक्त विचारता येतं. अकरांपैकी चौघांनी विचारलं.

आणि इथे घोडं अडलं. प्रश्न विचारल्यावर बाईनं काय म्हणायचं? ती तिसावी ओळ त्यानं रिकामी सोडून माझ्याकडे पाठवली. सोबत चिठ्ठी, चिठ्ठी कसली, बसचं तिकीट: ‘हे मला येणार नाही. तुला तिचा आवाज पाठ आहे. सेकंद तू ठरव.’

मी आठवडाभर त्या रकान्यासमोर बसले. कापायला जन्म गेला, घालायचं कधी शिकले नाही. ‘हो, छातीतही दुखतंय’ असं लिहिलं आणि खोडलं. ती असं सरळ उत्तर देणारी असती तर हा सगळा प्रकार कशाला झाला असता? सरळ उत्तर दिलं की ती वाचेल, खेळणाऱ्याला हायसं वाटेल, आणि ती माझी बहीण नसेल. शेवटी गुरुवारी दुपारी, भांडी घासता घासता, ती कानात बोलल्यासारखी ओळ आली. हात पुसून लिहून काढली:

‘छातीचं सांगते, पण आधी ती लोकर कुठून आणली ते ऐक.’

प्रमुखबाईचा फोन आला. “बाई, हे काय उत्तर झालं?”

“तिचं तेच उत्तर झालं असतं.”

“मग खेळणाऱ्यानं करायचं काय?”

“थांबायचं.”

लोकरीची हकिकत भाच्यानं लिहायला घेतली आहे. दर मंगळवारी सव्वादहाला मला फोन करून वाचून दाखवतो. हा वार आणि ही वेळ त्यानं मुद्दाम निवडली का, हे मी विचारलेलं नाही. काल दुकानापर्यंत आला होता, दुकानदाराच्या काकाचं लग्न अजून व्हायचं आहे. एकशे चाळीस सेकंद झालेत आणि छातीचा पत्ता नाही. त्याच्या मागे, फोनमधून, भरून आणलेला तो नळ ऐकू येत असतो. माझी लाल पेन्सिल शेजारी आहे. तिला टोक काढलेलं नाही.